नव्वदांतला एक

माझी भाची अडतिसाव्या वर्षी प्रथमच आई होणार आहे. गणपतीत ती आली ती रक्ततपासणीचा कागद हातात घेऊनच. डाऊन सिंड्रोमची शक्यता : 90 मध्ये 1.

"मामा, तू जन्मभर गणित शिकवलंस. हे जास्त की कमी?"

मातेच्या पंचविशीत ही शक्यता सुमारे 1,250 मध्ये 1 असते, पस्तिशीत 350 मध्ये 1, चाळिशीत 100 मध्ये 1. स्त्रीबीजे जन्मापासून अंगात असतात. ती जुनी होतील तसतशी 21 व्या गुणसूत्राची वाटणी चुकण्याची भीती वाढते. म्हणजे 89 वेळा काही नाही, असे मी म्हणालो. खात्रीच हवी तर गर्भजल तपासावे लागेल.

"आणि निघालं तर?"

तिथे माझे गणित संपले.

ही गर्भजलाची सुई आपल्याकडे 1970 च्या दशकात आली ती व्यंग शोधायला. आपण तिने मुली शोधल्या. अखेर 1988 साली महाराष्ट्राला कायदा करावा लागला. म्हणून 'नुसती माहिती' या शब्दांवर माझा फारसा विश्वास नाही. पण 'अशी मुले म्हणजे देवाचा प्रसाद' असे सांगणाऱ्यांवरही नाही; त्यांना सहसा रात्री जागावे लागत नाही.

आमच्या समोरच्या वहिनी जागल्या आहेत. त्यांचा धाकटा असाच. तो झाला तेव्हा त्या अवघ्या तेवीस वर्षांच्या होत्या. (शक्यता कमी असली तरी तरुणपणीच बाळंतपणे अधिक, त्यामुळे अशा मुलांच्या आया बहुधा तरुणच असतात.) आज तो पंचावन्नचा. साऱ्या वाड्याचे वाढदिवस त्याला पाठ. वहिनी त्याची नखे कापता कापता एकदा मला म्हणाल्या, "भावजी, देवाजवळ एकच मागते. माझ्या आधी एक दिवस याला ने."

पूर्वी अशी मुले पंचविशी क्वचितच ओलांडत. आज पुष्कळजण साठीपर्यंत जगतात. हे चांगलेच झाले. पण मग आईचे वय हिशेबात दोनदा धरावे लागते. कागदाने ते एकदाच धरले होते. भाचीचे मूल चाळिशीत येईल तेव्हा ती ऐंशीला टेकलेली असेल. त्यापुढे त्याची नखे कोण कापणार? हे भाचीला सांगावे की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला आणि सांगितले.

ती काही बोलली नाही. चपला घालून समोर वहिनींकडे गेली. तासाभराने परतली ती, गर्भजल तपासून घेते, एवढेच म्हणाली. पुढचे तिने सांगितले नाही. मीही विचारले नाही.