नित्यकर्म आणि वायर रोप

खंडेनवमीला साइटवरच्या क्रेनला झेंडूच्या माळा चढतात, बूमवर हळदकुंकू लागतं, नारळ फुटतो. सुधारक हसतात, श्रद्धाळू हात जोडतात. दोघांचंही लक्ष त्या एकाच दिवसावर असतं. धर्माचा अवघड प्रश्न उरतो तो बाकीच्या सकाळींचा. इंजिन चालू करण्याआधी ऑपरेटर वायर रोप बघतो, हुकची लॅच बघतो, लिमिट स्विच लागतो का ते पाहतो. या कामाला मीमांसकांनी, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्यांनी, काय म्हटलं असतं? माझ्या मते, नित्यकर्म. काम्य कर्म फळासाठी करायचं, नैमित्तिक प्रसंग आला की करायचं (वादळानंतरची किंवा मोठ्या दुरुस्तीनंतरची तपासणी याच खात्यातली). नित्यकर्म केल्याने पदरात वेगळं काही पडत नाही. चुकलं तर मात्र प्रत्यवाय, म्हणजे दोष लागतो. त्यांच्यातल्या प्रभाकराच्या अनुयायांना तर विधी आहे एवढंच कारण पुरेसं वाटे.

फळ कसं नाही, सुरक्षितता हे फळच की, असं कुणीही म्हणेल. वर्षाचा हिशेब मांडला तर ते खरं आहे. पण ऑपरेटरच्या वाट्याला वर्ष येत नाही, आजची सकाळ येते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांचं माप असं, की दोराच्या व्यासाच्या आठपट लांबीत दिसणाऱ्या तुटक्या तारा एकूण तारांच्या दहा टक्क्यांहून जास्त झाल्या तर तो दोर वापरायचा नाही. १६ मिलिमीटरचा, सहा पेडांचा, पेडात ३६ तारा असलेला दोर घ्या. तारा झाल्या २१६. म्हणजे १२८ मिलिमीटरच्या तुकड्यात एकवीस तुटक्या चालतात, बाविसावी नाही. त्या मोजायच्या तर आधी काळं ग्रीस चिंधीने पुसावं लागतं, आणि चिंधी जिथे अडकते तिथे तार वर आलेली असते. आज तीन सापडतात, उद्याही तीनच. फळाकडे डोळे लावून बसणारा माणूस विसाव्या दिवशी चिंधी खाली ठेवेल, आणि त्याचा तर्क चुकीचा म्हणता येणार नाही. ३१ जुलै २०२३ च्या रात्री शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर लाँचर कोसळून वीस जण गेले, हे सगळ्यांना कळलं. त्या रात्री इतरत्र जी यंत्रं कोसळली नाहीत त्यांची बातमी कुठून येणार? म्हणून फळाच्या आशेवर उभी केलेली तपासणी टिकत नाही.

याहून टोकदार आक्षेप असा, की फळच काढून घेतलं तर उरतो निव्वळ विधी, आणि न बघता चेकलिस्टवर टिक मारणं हा तर साइटवरचा जुनाच रोग. पण मीमांसेला इतकं भाबडं समजू नये. यज्ञासाठी भात कांडायचा, तो मुसळाचे घाव मोजून नव्हे, तूस निघेपर्यंत. दिसणारं प्रयोजन समोर असताना न दिसणारं कल्पू नये, हा त्यांचाच दंडक. कांडायचंच, नखांनी सोलायचं नाही, हा नियम वेगळा. पण तूस राहिलं तर कांडणं झालंच नाही. तसंच ग्रीस न पुसता मारलेली टिक हे अपुरं कर्म नाही. ते कर्मच नाही. सेन्सर आले, भार मोजणारे डिस्प्ले आले, ते हवेतच. पण हुकवर किती भार आहे हे सांगणारं यंत्र दोराच्या पेडात काय चाललंय ते सांगत नाही.

शेवटची शंका शंकराचार्यांची, आणि मला ती सर्वांत आवडते. न करणं हा अभाव. अभावातून दोष नावाची भावरूप वस्तू निपजेल कशी? दोराच्या बाबतीत हे अक्षरशः खरं आहे. तपासलं नाही म्हणून तार तुटत नाही. ती पुलीवर वाकून वाकून, ओढ सोसून, गंजून तुटते. तैत्तिरीय भाष्यात आचार्य सांगतात, की नित्यकर्म न घडणं हे दोषाचं कारण नव्हे, आधीच साठलेल्या दोषाचं लक्षण आहे. यामुळे माझं म्हणणं ढासळत नाही, उलट कुठे बघायचं ते कळतं. यंत्राजवळ जाण्याआधी त्याचं रजिस्टर उघडावं. महिन्याच्या तीसही टिका एकाच पेनाच्या, एकाच तिरकसपणाच्या. आणि पावसामुळे क्रेन सुरूच झाली नाही असं लॉगबुक सांगतं त्या चार दिवशीही ‘हॉइस्ट चालवून पाहिला, ठीक’.