रविवारची ओढ



माझी आई वसईची कॅथलिक. वडील नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेतले प्रोटेस्टंट. एका रविवारी मिस्सा, दुसऱ्या रविवारी उपासना आणि नारायण वामन टिळकांची भजनं. घरात जपमाळही होती. नातेवाईक विचारायचे, ‘पोरी, तू नक्की कुणाची?’

आता नोकरीमुळे चेन्नईत, पेरुंगुडीला राहते. इथे चर्चला जा म्हणणारं कुणी नाही. तरी मी जाते, कारण एकटीनं केलेली प्रार्थना माझ्याच अडचणींभोवती फिरत राहते. चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं वाचली जातात आणि कधीही न पाहिलेल्या माणसासाठी माझे हात जोडले जातात. तमिळ मी अडखळत वाचते. शेजारच्या आजी गीताच्या ओळीवर बोट ठेवतात, ते सरकेल तशी मी गाते.

असं एकत्र गाणं वाटतं तितकं सोपं नाही. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्यांना एकत्र यायला किती काळ लागला! १९१९ साली तरंगंबाडीला बोलणी सुरू झाली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी, याच चेन्नईत, सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ जन्माला आलं. कॅथलिक त्यात नव्हते. ती दरी माझ्या आईवडिलांनी लग्न करून ओलांडली, याचा मला फार अभिमान वाटतो.

चेन्नईला आलात, तर कॅथीड्रल रोडवरच्या त्या चर्चमध्ये घटकाभर जरूर बसा. धर्म कुठलाही असो.