आडनाव न विचारणारी प्रीती



डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशू आपणांस शत्रूंवर प्रीती करण्याची आणि छळ करणाऱ्यांसाठी प्रार्थना करण्याची आज्ञा देतो (मत्तय ५:४३-४८). हा उतारा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. ‘शत्रू’ म्हटले की आपल्याला कोणीतरी दूरचा माणूस आठवतो. परंतु गेल्या काही वर्षांत आपल्या जिल्ह्यात हा शब्द शेजारच्या ओट्यापर्यंत येऊन पोहोचला आहे.

३० ऑक्टोबर २०२३ रोजी आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान माजलगाव व बीड येथे लोकप्रतिनिधींची घरे जाळण्यात आली आणि संचारबंदी लावावी लागली. ४ जून २०२४ रोजी लोकसभेचा निकाल लागला. बजरंग सोनवणे व पंकजा मुंडे यांच्यात अवघ्या ६,५५३ मतांचे अंतर होते. मनांतील अंतर मात्र कितीतरी मोठे निघाले. अमक्या समाजाच्या दुकानातून माल घेऊ नका, अशी आवाहने झाली. पराभव सहन न होऊन काहींनी जीवन संपवल्याच्या बातम्या आल्या. पुढे ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण करून हत्या करण्यात आली. एका घरावर एवढा आघात झालेला असतानाही मारणारे कोणत्या जातीचे आणि मेलेला कोणत्या जातीचा, ही चर्चा पारावर ऐकू येतच राहिली.

आर्थर ब्रूक्स हे अमेरिकेतील सामाजिक शास्त्रांचे अभ्यासक व श्रद्धावंत कॅथलिक आहेत. २०१९ साली त्यांनी राजकीय फुटीवर एक पुस्तक लिहिले आणि त्याला प्रभूच्या याच आज्ञेचे नाव दिले. ते म्हणतात की, मतभेद हा रोग नव्हे. आरक्षण कोणाला व किती, यावर दोन मते असणारच. रागही तितका घातक नाही. कारण रागावणारा निदान समोरच्याला मोजतो. खरे विष आहे ते तुच्छतेत, म्हणजे ‘तुझी किंमतच नाही’ या भावनेत. पती-पत्नींच्या भांडणांचा अनेक वर्षे अभ्यास केलेल्या जॉन गॉटमन यांनाही हेच दिसले. संसार मोडण्याची मोठी खूण म्हणजे आदळआपट नव्हे, तर नाक मुरडणे आणि टोमणे मारणे. जे घर मोडते, तेच गावही मोडते.

सुखाविषयी ब्रूक्स सांगतात की, आनंद आणि समाधान यांच्याबरोबर जीवनाला अर्थ लागतो. आणि सुखाचे चार आधार म्हणजे श्रद्धा, कुटुंब, मैत्री व काम. बाजेला चार पाय असतात, तसे हे चार. पुढाऱ्यासाठी आपण जुना मित्र तोडतो, तेव्हा आपल्याच बाजेचा एक पाय कापतो. विजयाचा गुलाल एका आंघोळीत निघून जातो. ज्याने जगण्याचा सारा अर्थ पक्षाच्या जयपराजयात ठेवला, त्याच्या हाती पराभवाच्या रात्री काय उरणार? जे त्या दुःखात गेले, त्यांचा न्याय आपण करू नये. त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.

कोणी विचारील, “फादर, मनात प्रेमच नाही, तर ते आणायचे कोठून?” संत थॉमस अक्विनास याचे उत्तर देतात. प्रेम करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे. भावना आपल्या हातात नसते, इच्छा असते. मग अन्याय मुकाट्याने सोसायचा काय? मुळीच नाही. खुनाला शिक्षा झालीच पाहिजे आणि पीडित कुटुंबाला न्याय मिळालाच पाहिजे. परंतु शिक्षा गुन्हेगाराला. त्याच्या जातीला नव्हे.

मार्च २०२५ मध्ये बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी पोलिसांच्या नावपट्टीवर फक्त पहिले नाव ठेवण्यास सांगितले. आडनावावरून जात ओळखली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. ही बातमी वाचताना मला बाप्तिस्म्याचे कुंड आठवले. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतताना धर्मगुरू त्याचे केवळ नाव घेतो. तेथे आडनाव नाही, कुळ नाही, पक्ष नाही. देवाने आपणां प्रत्येकाला असेच बोलावले आहे. मग आपण शेजाऱ्याचे आडनाव आधी का पाहतो?

प्रभूने निवडलेल्या बारा जणांकडे पाहा. मत्तय रोमी सत्तेच्या व्यवस्थेत जकात गोळा करणारा. शिमोन ‘जिलोत’, म्हणजे कडवा स्वधर्माभिमानी म्हणून ओळखला जाणारा. बाहेर हे दोघे एकमेकांचे तोंडही पाहते ना. प्रभूने दोघांना एकाच मेजावर बसवले आणि एकच भाकर दिली. तेच मेज दर रविवारी आपल्यासमोर मांडलेले असते.

या आठवड्यासाठी तीन गोष्टी करू या.

१. कोणत्याही समाजाला हिणवणारा संदेश मोबाईलवर आला, तर तो पुढे पाठवू नये. आपल्या बाजूचा असला तरी नाही.

२. ज्याच्या दुकानाची पायरी आपण चढणे सोडले, तेथे पुन्हा जावे. पावशेर साखर घ्यावी, पण घरच्यांची विचारपूस करावी.

३. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत पलीकडच्या बाजूच्या एका माणसासाठी ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ म्हणावी. त्याचे फक्त पहिले नाव घेऊन.

शांतिदाता प्रभू आपली घरे, आपला धर्मग्राम आणि आपला बीड जिल्हा आशीर्वादित करो.

आपला,
धर्मगुरू