रिकामी ओंजळ

दीडशे वर्षांपूर्वी कल्याणच्या शाळेत नारायण वामन टिळक नावाचा मुलगा शिकत होता. पुढे तो नामवंत कवी झाला, १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला. मला मात्र १९१७ सालचे टिळक अधिक जवळचे वाटतात. पन्नाशी उलटलेली, आणि त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. उद्याची भाकर देवावर सोपवायची! घरात पत्नी लक्ष्मीबाई होत्या, संसार होता. हे सोपं नव्हतंच. त्यांचे ते रिकामे हात पाहून आठवतं: येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात पहिलं धन्य म्हटलं ते आत्म्यानं दीन असलेल्यांना. विद्वत्ता, मानमरातब, पगार हातात घट्ट धरून देवापुढे ओंजळ कशी पसरणार? डोंबिवलीची लोकल पकडण्याआधी क्षणभर म्हणू या: प्रभू, आजचा दिवस तुझ्या हाती.