नीतीचा प्रश्न कोणता, हे ठरवते कोण?

एखादी गोष्ट चांगली की वाईट, यावरचा वाद सर्वांना ऐकू येतो. त्याआधी झालेला एक निवाडा मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही: ही गोष्ट नीतीची मानायची की नुसत्या व्यवहाराची? वृत्तपत्रे, लेखक, प्राध्यापक, देणगीदार आणि व्यासपीठावरची मंडळी यांची खरी सत्ता या आधीच्या निवाड्यात असते. वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये ‘पब्लिक ओपिनियन’ या ग्रंथात दाखवले की, माणूस जगाविषयी नव्हे तर जगाच्या आपल्यापर्यंत पोचलेल्या चित्राविषयी मत बनवतो. पन्नास वर्षांनी मॅककॉम्ब्स आणि शॉ या अमेरिकी अभ्यासकांनी १९६८ च्या निवडणुकीतील मतदारांच्या पाहणीवरून असे मांडले की, बातम्यांत ज्या विषयांना मोठी जागा मिळते तेच विषय लोकांनाही महत्त्वाचे वाटू लागतात. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे आणि डिचोली या शेजारच्या तालुक्यांकडे एकत्र पाहिले, तर या सिद्धांताला एक पुरवणी जोडावी लागते. विषयाला जागा किती मिळाली याइतकेच तो कोणत्या सदरात बसवला गेला, हेही निर्णायक असते.

डिसेंबर २०२४ मध्ये ‘सनबर्न’ हा संगीत महोत्सव पेडणे तालुक्यातील धारगळ येथे झाला. विरोधकांची भाषा पहिल्यापासून नीतीची होती: तरुण पिढी, अमली पदार्थ, संस्कृती. समर्थक रोजगाराविषयी बोलत होते, पण त्यांनाही आधी संस्कृतीच्या आक्षेपाला उत्तर द्यावे लागले. पंचायतीत दोन तट पडले आणि प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले. या वादात कोण बरोबर होते, हा येथे मुद्दा नाही. हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावर हिप्पी आले तेव्हापासून पेडण्याकडे नीतीच्या चष्म्यातून पाहण्याची सवय गोव्याबाहेरच्या माध्यमांनाही जडली आहे. त्यामुळे तीन दिवसांचे संगीत हा अख्ख्या राज्याच्या चारित्र्याचा प्रश्न व्हायला वेळ लागला नाही.

डिचोलीत मात्र अनेक दशके वेगळेच चालले होते. पोर्तुगीज राजवटीत दिलेल्या खाण-सवलतींवर शिरगाव, मुळगाव, मये या पट्ट्यात लोहखनिजाच्या खाणी उघडल्या. १९५० नंतर जपानची मागणी वाढली, पुढे चीनची, आणि २०१०-११ मध्ये गोव्याची निर्यात पाच कोटी टनांच्या पुढे गेली. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खड्ड्यातले पाणी सतत उपसावे लागते आणि आजूबाजूच्या विहिरी आटतात. शिरगावात हेच झाले. खाणींवरचा गाळ पावसात शेतात उतरला, ट्रकांच्या धुळीने रस्त्यालगतची घरे लाल झाली. हे सर्व छापून आले नाही असे नाही. परंतु ते प्रदूषण, वाहतूक किंवा नुकसानभरपाई म्हणून छापले गेले. विदेशी चलन आणि रोजगार यांच्या हिशेबातली ती वजाबाकी होती. दुसऱ्याच्या विहिरीचे पाणी काढून घेणे हा अधर्म आहे, असे साधे वाक्य अग्रलेखात क्वचितच आले.

याचे एक कारण वृत्तपत्रांच्या मालकीत आहे. गोवा मुक्त झाल्यावर १९६२ मध्ये ‘गोमन्तक’ हे मराठी दैनिक चौगुले यांनी सुरू केले. ‘नवहिंद टाइम्स’ (१९६३) आणि मराठी ‘नवप्रभा’ (१९७०) ही धेंपे समूहाची, तर ‘सुनापरान्त’ हे कोंकणी दैनिक (१९८७) साळगांवकरांचे होते. तिन्ही घराणी खाण उद्योगातली. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, जन्माने पेडण्याचे, हेही खाणमालकच होते. महाविद्यालये, फुटबॉल संघ, नाट्य आणि साहित्याचे सोहळे यांना याच घराण्यांचा आश्रय होता, आणि त्यातून गोव्याचे खरोखर भले झाले हेही मान्य करावे लागते. बा. द. सातोस्कर, माधव गडकरी यांच्यासारखे स्वतंत्र बाण्याचे संपादक ‘गोमन्तक’ला लाभले. तेव्हा मालकाने फोन करून मजकूर थांबवला, अशी बाळबोध कल्पना करण्याचे कारण नाही. ज्या उद्योगाच्या पैशावर सुसंस्कृत जीवन उभे असते, त्या उद्योगाविषयी नैतिक शंका त्या वर्तुळातल्या माणसाला सुचतच नाही. बोलून दाखवलेल्या दबावापेक्षा हे न सुचणे अधिक परिणामकारक असते.

साहित्यात अपवाद झाला. पुंडलीक नायक यांच्या ‘अच्छेव’ (१९७७) या कोंकणी कादंबरीने खाण आल्यावर गाव आणि कुटुंब आतून कसे कुजते ते दाखवले. मात्र मराठी-कोंकणीच्या भाषावादात गुंतलेल्या विद्वानांना तिच्यातला अर्थ सार्वजनिक चर्चेत नेणे जमले नाही. धर्माच्या भाषेतही सामग्री कमी नव्हती. ईशोपनिषदाचा पहिलाच मंत्र संपत्ती कोणाची हा प्रश्न विचारतो. गांधींचा विश्वस्ताचा विचार त्यातूनही पोसला गेला. शिरगावात तर लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, वैशाखात व्रत पाळून होमकुंडातल्या निखाऱ्यांवरून चालतात. शुचिता, संयम आणि गावाची सामूहिक जबाबदारी यांचे इतके जिवंत भान असलेल्या गावाच्या कडेलाच खाणी आहेत. पण प्रवचनकारांनी ईशोपनिषद खनिजाला लावून पाहिले नाही, आणि बाहेरच्या माध्यमांना लईराईची जत्रा हे वर्षातून एकदा टिपायचे नेत्रदीपक दृश्य वाटले.

खाणींना नैतिक प्रश्नाचे रूप आले ते न्यायालयाच्या वाटेने. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत मांडला गेला आणि सुमारे ३५ हजार कोटी रुपयांच्या नुकसानीचा आकडा देशभर गाजला. आकडा वादग्रस्त होता, तरी एका आठवड्यात ‘उद्योग’ हा ‘लूट’ झाला. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असे ठरवले, वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि पुढच्या पिढ्यांसाठी कायम निधी उभारण्यास सांगितले. खनिज ही वारशाची ठेव आहे, ही कल्पना येथे प्रथम कायद्याच्या वजनाने आली. ती मांडणारे गोवा फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेचे कार्यकर्ते तोपर्यंत विकासविरोधी म्हणून गणले जात. या नव्या नीतीतही एक आंधळा कोपरा राहिला. कर्ज काढून ट्रक घेतलेली डिचोलीची कुटुंबे राष्ट्रीय वृत्तपत्रांच्या चित्रात नव्हतीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि ही माणसे पणजीच्या रस्त्यावर आली, तेव्हा त्यांची गणना लुटीच्या लाभार्थींत झाली. पूर्वी विहिरीवाल्याचे दुःख व्यवहारात ढकलले गेले होते, आता ट्रकवाल्याचे.

डिसेंबर २०२२ मध्ये डिचोली-मुळगाव आणि शिरगाव-मये हे खाणपट्टे लिलावाने पुन्हा दिले गेले. घरे, देवळे, शेते आणि तळी पट्ट्यातून वगळावीत, ही त्या गावांची त्यानंतरची मागणी आहे.