सुई आणि बोली



मुंबईत विजेच्या ट्राम धावू लागल्या की कुलाबा वेधशाळेच्या चुंबकसुया बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा सुरू झाली. डॉ. नानाभाई मूस यांच्या काळात १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी मापे घेतली गेली, जेणेकरून जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा. केवढी चिकाटी ही!

आता रेवदंड्याची खाडी ओलांडा. १७४० मध्ये पोर्तुगीज गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत पोर्तुगीजपासून घडलेली बोली राहिली. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिच्यावर १९९६ साली ग्रंथ लिहिला. शेजारच्या मराठीमुळे तिची वाक्येही मराठीच्या वळणाने कशी चालू लागली, हे त्यांनी दाखवले.

यांत मोठे संशोधन कोणते? सुईला पाहुण्याची भीड नसते, आजीबाईंना असते. त्या विसरतात, लाजतात. तिथे मापपट्टी चालत नाही, ओट्यावर बसून ऐकावे लागते. विषयाला झेपेल तेवढीच अचूकता त्याच्याकडे मागावी, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. वाटा निराळ्या, खरे ते जाणण्याची तहान एकच, आणि ती देवानेच दिलेली.

"भाषा शिकून नोकरी लागेल का?" असे आईबाप विचारतात. त्यांना हसू नये. फी त्यांनाच भरायची असते. पण आमचे काय? बारावीच्या निकालानंतर मिस्सेच्या शेवटी आम्ही सायन्सच्या मुलांची नावे वाचली, टाळ्या झाल्या. आर्ट्सची एक मुलगी मागच्या बाकावर बसली होती. तिचे नाव आमच्या यादीतच नव्हते.