छाटलेल्या विडीमागचा मालक

सोलापूरच्या पूर्व भागात बायकांची सकाळ फार लवकर सुरू होते. पाणी भरून, स्वयंपाक उरकून त्या आदल्या दिवशी वळलेल्या विड्या घेऊन कारखान्याची वाट धरतात. बहुतेकींची घरची भाषा तेलुगू, बाजारातली मराठी. विणकामाच्या निमित्ताने तेलंगणातून इथे येऊन रुजलेल्या कुटुंबांतल्या या लेकीसुना. पुरुष मागावर किंवा गिरणीत आणि बाई विडीच्या सुपापुढे, अशी या शहराची रोजीरोटी पिढ्यान् पिढ्या चालली.

कारखान्यात विड्या मोजल्या जातात, पारखल्या जातात. सैल वळलेली, वाकडी, फाटक्या पानाची विडी बाजूला पडते, म्हणजे छाटली जाते. मजुरी ठरते हजारावर, म्हणून छाट किती निघाली यावर त्या दिवसाची कमाई ठरते. मग उद्यासाठी पान, तंबाखू, दोरा घेऊन बाई घरी परतते आणि तिचं घरच कारखाना होतं. तंबाखूची धूळ त्याच खोलीत उडते, जिथे तिचं लेकरू झोपलेलं असतं.

घरात बसून काम करणाऱ्या या बाईची जबाबदारी कोणाची? छप्पर तिचं, वेळ तिची, तर ती आमची कामगार कशी, असं मालकाला म्हणता येतं आणि मालकांनी ते म्हटलंही. त्याला ठाम उत्तर दिलं १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने. मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारीसुद्धा कामगारच, असं त्या कायद्याने लिहून ठेवलं. पुढे १९७७ मध्ये विडी उद्योगाला भविष्यनिर्वाह निधी लागू झाला, तेव्हा तोच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९८५ मध्ये न्यायालयाने घरी वळणाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यातलं एक कारण मला फार मोलाचं वाटतं. विडी नापसंत करून बाजूला काढण्याचा अधिकार मालकाकडे आहे, म्हणजेच कामावर त्याचा ताबा आहे, असं न्यायालय म्हणालं. ज्या छाटणीने बाईची मजुरी कापली जात होती, तिनेच मालकाचं नातं सिद्ध केलं.

ही गोष्ट विडीपुरती नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेने २०११ मध्ये उद्योग आणि मानवी हक्क यांबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी ती घडवली. हक्कांचं रक्षण करणं हे सरकारचं कर्तव्य, हक्कांचा मान राखणं ही कंपनीची जबाबदारी, आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला दाद मिळालीच पाहिजे, असा त्यांचा गाभा. माल ज्या ज्या हातांतून येतो, तिथपर्यंत ही जबाबदारी पोचते, हेही त्यांत आहे. जगाने २०११ मध्ये मान्य केलेल्या या विचाराचा एक मोठा तुकडा आपल्या देशाच्या कायद्यात १९६६ पासून होता, याचा मला अभिमान वाटतो. आज शेअर बाजाराचं नियमन करणाऱ्या सेबीच्या नियमानुसार शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना आपल्या सामाजिक जबाबदारीचा अहवाल दरवर्षी द्यावा लागतो. चांगलंच आहे. पण पूर्व भागातल्या गल्लीत विडी वळणाऱ्या अक्कापर्यंत असा अहवाल पोचत नाही. तिला आधार आहे तो सक्तीच्या कायद्याचा.

सक्तीने काय साधतं, हे सोलापूरने पाहिलं आहे. १९७६ च्या कायद्याने विड्यांच्या उत्पादनावर कल्याण उपकर बसला. त्यातून कामगारांसाठी दवाखाने, मुलांना शिष्यवृत्त्या, घरांना मदत अशी कामं उभी राहिली. ज्या उद्योगाने कष्ट करून घेतले, त्यानेच त्या कष्टकऱ्याच्या औषधाचा खर्च उचलायचा, हा त्यामागचा न्याय होता. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा उपकर रद्द झाला. योजना सरकारी तिजोरीतून चालू राहिल्या, पण उद्योगाच्या खिशाशी असलेली त्यांची गाठ सुटली. माझ्या मते ते चुकलं.

घरांची गोष्टही अशीच झगडून मिळवलेली. कामगार संघटनेने सोलापूरचे कामगार नेते नरसय्या आडम मास्तर यांच्या पुढाकाराने वर्षानुवर्षं मोर्चे काढले, तेव्हा शहराजवळच्या कुंभारीला कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती कामगार महिलांना मिळाली. हक्काचं छप्पर मिळालं की बाईचा आवाज बदलतो.

कायदा फार कडक केला तर धंदा बंद पडेल आणि बायकाच उपाशी राहतील, असं कारखानदार सांगतात. उपासमारीची भीती खरी आहे. २०१६ मध्ये पाकिटांवरच्या मोठ्या आरोग्य-इशाऱ्याच्या वादात कारखाने बंद ठेवले गेले, तेव्हा चूल बाईचीच थंडावली. तंबाखू घातक आहे, हा धंदा आज ना उद्या आटणारच, आणि आटावाही. म्हणूनच त्या दिवसासाठी तिचा निधी, तिचं निवृत्तिवेतन, तिच्या मुलीचं शिक्षण आत्ताच पक्कं व्हायला हवं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९६६ चा विडी कायदा त्यांत विलीन झाला. या संहितांच्या अंमलबजावणीत घरी विडी वळणारी बाई मालक नसलेल्या असंघटितांच्या गर्दीत ढकलली जाऊ नये. तिच्या नावाची नोंद, तिचं ओळखपत्र आणि तिच्या भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा राज्य सरकारने शाबूत ठेवावा, आणि सोलापूरकरांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडून त्याचा जाब मागावा.